मोहोळाचा तोल मांडणारी समीकरणे

मधमाश्यांची वसाहत पेटीत मावते, पण तिचे जगणे पेटीत मावत नाही. ते भोवतालच्या दोन-तीन किलोमीटरच्या मुलखात पसरलेले असते. फुलोरा, पाऊस, वारा, शेजारच्या शेतातली फवारणी, राणीचे वय, आतल्या अळ्यांची भूक या साऱ्यांचा परिणाम एकाच वेळी होत राहतो, आणि वसाहत संपली की तिला नेमके कशाने संपवले हे शोधायला मागे फक्त रिकाम्या चौकटी उरतात. बाहेर जाणाऱ्या माश्यांपैकी रोज किती मेल्या तर वसाहत तग धरणार नाही, असा अगदी साधा प्रश्न घेतला, तरी त्याचे उत्तर प्रत्यक्ष प्रयोगातून मिळवायला शेकडो पेट्या, कित्येक हंगाम आणि जाणूनबुजून माश्या मारण्याची तयारी लागेल. म्हणून काही संशोधकांनी वसाहत संगणकावर उभी करण्याचा मार्ग धरला. मी पेशाने गणित शिकवते, आणि आजोळी जावळी खोऱ्यात सातेरीच्या, म्हणजे आपल्याकडच्या देशी मधमाशीच्या, पेट्या असल्यामुळे माश्यांची ओळख लहानपणापासूनची आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या त्या एका छोट्या मॉडेलमुळे, आणि गेली काही वर्षे ते मॉडेल माझ्या लॅपटॉपवरून हललेले नाही.

हे मॉडेल सिडनीतल्या डेव्हिड खुरी, मेरी मायर्सकॉ आणि अँड्र्यू बॅरन या तिघांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात राणीचे चित्र नाही, पोळ्याची षटकोनी घरे नाहीत, फुलेही नाहीत. कामकरी माश्यांचे दोन गट आहेत, एक घरातल्या माश्यांचा आणि दुसरा मकरंद व पराग आणायला बाहेर जाणाऱ्यांचा, आणि या दोन गटांची संख्या रोज कशी बदलते हे सांगणारी दोन समीकरणे आहेत. राणी दिवसाला जास्तीत जास्त २००० अंडी घालते असे धरले आहे, पण त्यातली किती जगून माशी होतील हे त्यांना सांभाळायला वसाहतीत किती माश्या आहेत यावर ठरते. वसाहत २७,००० माश्यांची असेल तर त्या कमाल संख्येच्या निम्म्या माश्या जन्माला येतात. मनुष्यबळ कमी झाले की जन्म कमी होतात, हा पहिला धागा.

दुसरा धागा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कामकरी माशी आयुष्याचा पहिला भाग घरात काढते, घरे साफ करते, अळ्यांना भरवते, मेण पाडते, दारावर पहारा करते, आणि साधारण तीन आठवड्यांनी बाहेर पडू लागते. मात्र हे वय ठरलेले नसते. बाहेरच्या माश्या पुरेशा असतील तर त्यांच्या सहवासामुळे घरातल्या तरुण माश्यांचे बाहेर पडणे लांबते, आणि त्या मरू लागल्या तर तरुण माश्या वेळेआधी बाहेर पडतात. हे मॉडेलमध्ये दोन आकड्यांनी मांडले आहे. बाहेर एकही माशी नसेल तर घरातली माशी सरासरी चार दिवसांत बाहेर जाईल, आणि बाहेरच्यांचे प्रमाण एकूण संख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक झाले तर काही माश्या उलट घरकामाला परततील. वसाहतीचे हे शहाणपण एवढ्या थोडक्यात मांडता येते, याचे मला आजही नवल वाटते.

मग उरतो एकच आकडा, बाहेरच्या माश्यांच्या रोजच्या मृत्यूचे प्रमाण. तो बदलत नेऊन वसाहत कुठे स्थिरावते ते पाहायचे. दहा माश्यांपैकी रोज एक मरत असेल, म्हणजे प्रमाण ०.१ असेल, तर वसाहत सुमारे ४४,००० माश्यांवर स्थिर राहते. प्रमाण दुप्पट, म्हणजे ०.२ केले की ती साडेतेरा हजारांवर येते. ०.३ वर जेमतेम सव्वातीन हजार माश्या उरतात, ०.३५ वर अडीचशेच्या आसपास, आणि ०.३५५ ओलांडले की समीकरणाला शून्याखेरीज उत्तरच राहत नाही. वसाहत कितीही मोठी असली तरी मग ती संपतेच. अडीचशे माश्यांची वसाहत प्रत्यक्षात जगत नाही हे उघड आहे, त्यामुळे खऱ्या पेटीची मर्यादा याच्या बरीच अलीकडे असणार. पण तेवढ्याने या आकड्यांतून दिसणारी गोष्ट बदलत नाही.

ती गोष्ट मला आकडे शेजारी शेजारी मांडल्यावर दिसली. मृत्यूचे प्रमाण ०.१ असताना वसाहतीतल्या दर शंभर माश्यांपैकी अठ्ठावीस बाहेरच्या असतात. ०.३ वर हा आकडा बावीस होतो. म्हणजे एकूण संख्या चव्वेचाळीस हजारांवरून सव्वातीन हजारांवर घसरते, पण आतल्या-बाहेरच्यांचे प्रमाण फारसे ढळत नाही, कारण वसाहत ते सांभाळण्यासाठी आपल्या लहान माश्या बाहेर पाठवत राहते. घरात राहण्याचा सरासरी काळ पंचवीस-सव्वीस दिवसांवरून बारा दिवसांच्या खाली येतो. अळ्यांना भरवणारे हात कमी होतात, म्हणून पुढची पिढी लहान होते, आणि त्या लहान पिढीलाही लवकर बाहेर जावे लागते. संकटाशी झुंजण्याची जी रीत एरवी वसाहतीला वाचवते, तीच एका मर्यादेपुढे तिला पोखरते. हे मी आधी कुठे वाचले असते तर कदाचित पटले असते आणि विसरलेही असते. आकडा स्वतः बदलून पाहिल्यामुळे ते मनात पक्के बसले.

समीकरणांनी सुचवलेली ही गोष्ट पुढे प्रत्यक्ष माश्यांवर तपासली गेली. बॅरन, मायर्सकॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म रेडिओ टॅग चिकटवून त्यांची ये-जा नोंदवली आणि २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. लहान वयात बाहेर पडलेल्या माश्यांच्या फेऱ्या एकूण कमी झाल्या, आणि पहिल्याच काही उड्डाणांत मरण्याचा धोका त्यांना अधिक होता. खुरींच्या मूळ मॉडेलमध्ये मृत्यूचे प्रमाण वयावर अवलंबून नव्हते. ते वयावर अवलंबून आहे असे धरल्यावर कोसळणे आणखी वेगाने होते. मॉडेलने प्रश्न विचारला, माश्यांनी उत्तर दिले, आणि त्या उत्तराने मॉडेल सुधारले. संगणकावरच्या अभ्यासाकडून मी यापेक्षा वेगळी अपेक्षा करत नाही.

याच मॉडेलला त्याआधी फ्रान्समध्ये एका मोठ्या वादात उभे राहावे लागले होते. आव्हिन्याँच्या मिकाएल आँरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५३ माश्यांना टॅग लावून त्यांतल्या काहींना थायामेथोक्साम या निओनिकोटिनॉइड कीटकनाशकाचा अल्प, लगेच जीव न घेणारा डोस साखरेच्या पाण्यातून दिला आणि पेटीपासून एक किलोमीटरपर्यंतच्या अंतरावर सोडले. विषाची मात्रा पोटात गेलेल्या बऱ्याच माश्या घरी परतल्या नाहीत. वाट चुकल्याने होणाऱ्या या मृत्यूचे प्रमाण परिस्थितीनुसार सुमारे १० ते ३२ टक्के निघाले. हा आकडा त्यांनी खुरींच्या समीकरणांत घातला आणि अशा माऱ्याखाली वसाहत कोसळण्याच्या वाटेला लागू शकते असे २०१२ च्या वसंतात जाहीर केले. त्याच वर्षी फ्रान्सने मोहरीवर्गातल्या रेपसीड पिकाच्या बियाण्यावर हे रसायन वापरण्याचा परवाना रद्द केला.

काही महिन्यांतच जेम्स क्रेसवेल आणि हेलन थॉम्पसन या ब्रिटिश संशोधकांनी आक्षेप घेतला. माश्या वाट चुकतात हे त्यांनी नाकारले नाही. त्यांचे बोट जन्मदरावर होते. रेपसीड फुलते तेव्हा वसंत असतो, वसाहती झपाट्याने वाढत असतात, आणि आँरींनी धरलेला जन्मदर त्या काळासाठी फार कमी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या ऋतूला शोभणारा जन्मदर घातला तर तीच वसाहत कोसळत नाही. हा वाद वाचल्यावर मी ताबडतोब लॅपटॉप उघडला होता. बाकी सारे तसेच ठेवून अंड्यांचा कमाल आकडा दिवसाला १५०० केला, तर कोसळण्याची मर्यादा ०.३५५ वरून ०.२३५ वर येते. तोच २५०० केला तर मर्यादा ०.५ च्याही वर जाते. बाहेरच्या माश्यांपैकी रोज २४ टक्के मरत आहेत असे धरा. पहिली वसाहत संपते, २००० अंड्यांची साडेआठ हजारांवर टिकते, आणि २५०० अंड्यांची सतरा हजारांवर निर्धास्त राहते. विष तेच, मृत्यूही तेवढेच, आणि निकाल मात्र राणी त्या महिन्यात किती अंडी घालते यावर.

अशा वेळी अनेकांचा मॉडेलवरचा विश्वास उडतो. हवा तो आकडा घातला की हवे ते उत्तर निघते, असे ते म्हणतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. कीटकनाशकांनी मोहोळे संपतात की नाही, या प्रश्नावर नुसत्या शब्दांनी भांडत बसले तर दोन्ही बाजू जन्मभर भांडू शकतात. इथे दोन्ही बाजूंना समीकरणे मान्य होती, त्यामुळे मतभेद एका आकड्यापाशी येऊन थांबला, आणि तो आकडा शेतात जाऊन मोजता येण्याजोगा होता. प्रतिपक्षाला आपली नेमकी कुठली धारणा मान्य नाही हे बोट ठेवून दाखवता यावे, इतके आपले म्हणणे उघडे करून मांडणे ही मोठी प्रामाणिकपणाची रीत आहे.

आणि पुढे तसे मोजलेही गेले. आँरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समधल्या खऱ्या शेतशिवारात वसाहती ठेवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. प्रक्रिया केलेल्या रेपसीडच्या शेतांजवळ बाहेरच्या माश्यांचा मृत्यू खरोखरच वाढला होता. मात्र वसाहती कोसळल्या नाहीत आणि मधही घटला नाही. त्या वसाहतींनी नरांच्या अळ्या कमी वाढवल्या आणि कामकरी माश्यांच्या अळ्या जास्त. आपले बळ पुढच्या पिढीच्या मीलनावरून काढून रोजच्या कामावर लावले. खुरींच्या समीकरणांत नर नव्हतेच, त्यामुळे हे उत्तर त्यांतून निघणे शक्य नव्हते. या निष्कर्षाचा आधार घेऊन कीटकनाशक निरुपद्रवी आहे असे म्हणणारे मी वाचले आहेत, आणि ते मला मुळीच पटत नाही. नर कमी झाले तर त्याची किंमत त्या मुलखातल्या नव्या राण्यांना द्यावी लागेल, त्या वसाहतीच्या मधाच्या आकड्यात ती दिसणार नाही. युरोपीय संघाने अशा तीन रसायनांवर २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये उघड्या शेतातला त्यांचा वापर बंद केला. तो निर्णय मला योग्य वाटतो.

दोन समीकरणांच्या पलीकडे बरीच मोठी मॉडेलेही आहेत. अमेरिकेत बीपॉप १९८९ मध्ये आले, ऑस्ट्रियातल्या ग्राझमधून २००७ मध्ये होपोमो आले, आणि २०१४ मध्ये माथियास बेशर, ज्युलिएट ऑसबोर्न, फोल्कर ग्रिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीहेव्ह तयार केले. हे शेवटचे कुणालाही फुकट उतरवून घेता येते आणि ते नेटलोगो या मोफत प्रणालीवर चालते. ते पहिल्यांदा चालवून पाहणाऱ्याला मी एवढेच सांगेन की घाई करू नये. १ जानेवारीला दहा हजार माश्यांनी सुरुवात होते. पेटीतली अंडी, अळ्या, कोष आणि माश्या वयानुसार एकेका दिवसाच्या गटांत पुढे सरकतात. बाहेरच्या माश्या मात्र शंभर-शंभरांच्या तुकड्यांनी उडतात, कुठल्या फुलोऱ्यावर जायचे ते ठरवतात, नाचून एकमेकींना सांगतात, आणि प्रत्येक फेरीत मरण्याचा धोका पत्करतात. राणीच्या अंड्यांचा आलेख वसंतात चढत जातो, दिवसाला १६०० च्या कमाल आकड्यापर्यंत जातो आणि शरदात उतरतो. खुरींचा स्थिर आकडा इथे वर्षभराची लाट होतो, म्हणजे क्रेसवेल आणि थॉम्पसन यांचा आक्षेप इथे मुळातच मिटलेला आहे.

बीहेव्हमध्ये व्हरोआ हा परजीवी कोळीही आहे आणि तो वाहून आणणारे विषाणूही. या बाबतीत स्टीफन मार्टिन यांनी २००१ मध्ये केलेले जुने मॉडेल मला विसरता येत नाही. त्यांनी दोन विषाणूंची तुलना केली. एक इतका जहाल की कोषातली माशी लगेच मारतो, दुसरा सौम्य, माशीचे पंख वेडेवाकडे करणारा, पण तिला जन्मू देणारा. सहज विचार केला तर जहाल विषाणू वसाहतीला अधिक घातक वाटेल. गणित उलट सांगते. कोषातली माशी मेली की तिच्या अंगावरचा कोळीही अडकतो आणि विषाणूचा प्रसार तिथेच खुंटतो. सौम्य विषाणू मात्र जिवंत माश्यांबरोबर पसरत राहतो, आणि वसाहत संपवायला त्याला पहिल्यापेक्षा कितीतरी कमी कोळी पुरतात.

हा कोळी मुळात आपल्या सातेरीचा, म्हणजे पूर्वेकडच्या आशियाई मधमाशीचा पाहुणा. सातेरीच्या वसाहतीत तो जवळजवळ फक्त नरांच्या घरांत वाढतो, कामकरी माश्या त्याला एकमेकींच्या अंगावरून वेचून काढतात, आणि दोघे युगानुयुगे एकत्र नांदत आले आहेत. युरोपीय माशीच्या पेट्या आशियात आल्या तेव्हा तो तिच्या अंगावर गेला आणि जगभर पसरला. जगातली बहुतेक मॉडेले या दुसऱ्या माशीची आहेत. तिची अंडी, तिचा हिवाळा, तिचे आजार, तिच्या मुलखातले हवामान. बीहेव्हमधले हवामान इंग्लंडातल्या रॉथॅमस्टेडचे आहे. सातेरीला तिथे जागा नाही.

ही उणीव मला मामांशी बोलताना नीट उमगली. मी त्यांना लॅपटॉपवर बीहेव्हचा आलेख दाखवत होते आणि जानेवारीत खाली गेलेली रेघ दाखवून म्हणाले, "मामा, हा बघा, इथे वसाहत सगळ्यांत अशक्त असते." त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले. "जानेवारीत कशी गं अशक्त असेल? आपली माशी अशक्त होते ती आषाढ-श्रावणात. आणि अगदीच उपासमार झाली तर ती मरायला थांबते होय? उठून जाते."

त्यांच्या या बोलण्यात दोन गोष्टी होत्या, आणि दोन्ही मॉडेलच्या मुळाशी जातात. पहिली पावसाची. महाबळेश्वर-जावळीच्या पट्ट्यात माश्यांचा कठीण काळ थंडीचा नसून पावसाचा असतो. जांभूळ आणि गेळा फुलून जातात, मध काढून होतो, आणि मग कित्येक आठवडे माशीला धड बाहेर पडता येत नाही. त्या काळात मधपाळ साखरेचा पाक देतात, मेणकिड्यापासून चौकटी जपतात आणि वाट पाहतात. शिवाय कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, त्यामुळे दरवर्षी तोच फुलोरा परत येतो असे धरणारे मॉडेल इथे चालणार नाही. दुसरी गोष्ट उठून जाण्याची. युरोपीय माशी सहसा घर सोडत नाही. सातेरी सोडते. उपासमार, मुंग्या, गांधीलमाश्या, सततची छेडछाड यांपैकी काहीही असह्य झाले की राणी अंडी घालणे थांबवते, उरलेल्या अळ्या वाढून बाहेर येतात, साठवलेला मध पोटात घेतला जातो, आणि एके दिवशी सबंध वसाहत निघून जाते. खुरींच्या भाषेत सांगायचे तर जन्मदर बाहेरून लादलेला आकडा राहत नाही, वसाहतच तो शून्यावर आणते. आणि पेटी रिकामी झाली म्हणजे वसाहत मेली असे होत नाही. मॉडेलमध्ये "संपली" आणि "गेली" हे दोन वेगळे शेवट लिहावे लागतील.

सातेरीवर आजवर आलेले सर्वांत मोठे संकटही या समीकरणांच्या बाहेरचे होते. थाई सॅकब्रूड हा विषाणू गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात दक्षिण भारतात पसरला आणि सातेरीच्या बहुतांश वसाहती घेऊन गेला. तो बाहेरच्या माश्या मारत नाही. तो अळ्या मारतो, त्यांची पाण्याने भरलेली पिशवी करून टाकतो. म्हणजे सिडनीच्या मॉडेलमध्ये घाव बाहेरून आत येतो, आणि इथे तो जन्मापाशीच बसतो. खुरींच्या समीकरणांत जन्मदर निम्म्यावर आणून पाहिला तर कोसळण्याची मर्यादा ०.३५५ वरून ०.१४ वर येते. दहापैकी दीड माशी रोज मरणे, जे एरवी वसाहतीने सहज सोसले असते, तेवढेही मग पुरते. आकडे युरोपीय माशीचे आहेत, त्यामुळे यावरून सातेरीबद्दल ठाम काही सांगू नये. पण आजारातून वाचलेली वसाहत पुढच्या फवारणीला किंवा पावसाच्या लांबलेल्या झडीला का बळी पडते, याचा माग घ्यायला हे पुरेसे आहे.

सातेरीचे मॉडेल लिहायला समीकरणे अवघड जाणार नाहीत. अडते ते मोजण्यापाशी. जावळीच्या पावसाळ्यात राणी आठवड्याला किती अंडी घालते? बाहेर गेलेली माशी सरासरी किती दिवस जगते? साठवलेला पराग किती कमी झाला की राणी थांबते, आणि ती थांबल्यापासून वसाहत किती दिवसांनी उठते? पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, महाबळेश्वरला मधपाळांची पिढ्यान्‌पिढ्यांची जाण आहे, आणि मांघरसारखे गाव मधाचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले आहे. माश्या जवळून पाहणारे डोळे इथे कमी नाहीत.

मामांसाठी मी एक साधी वही आखून दिली आहे. तारीख, पाऊस पडला की नाही, किती चौकटींवर माश्या बसल्या आहेत, ताजी अंडी आणि अळ्या दिसतात का, झाकलेली घरे चौकटीच्या किती भागात आहेत, पराग किती, पाक दिला का. पावसाळ्यात पेटी उगाच उघडू नये यावर त्यांचा कटाक्ष आहे, आणि सततच्या छेडछाडीनेही सातेरी उठते हे लक्षात घेता त्यांचेच बरोबर आहे. म्हणून उघडीप मिळेल तेव्हाच नोंद करायची, आणि मधले दिवस दारावरच्या ये-जा करणाऱ्या माश्या पाच मिनिटे मोजायच्या, असे आम्ही ठरवले आहे. वहीत शेवटचा रकाना त्यांनी स्वतः वाढवला. त्याचे नाव त्यांनी लिहिले आहे "गेली तर कुठल्या दिशेला".